ताश्कंदचा सरिमसाकोव आणि आपल्या पाटणचा मठ

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की आपल्या पेपरात रोज एक तरी जाहिरात असतेच, उझबेकिस्तानात एमबीबीएस करा, कमी खर्चात, आणि खाली निळ्या घुमटांचा फोटो. मागच्या रविवारच्या पुरवणीत तर त्यावर पान भरून लेख होता, होस्टेल कसं, आपलं जेवण मिळतं का, थंडी किती पडते, परत आल्यावरची परीक्षा किती अवघड. लेख कामाचा होता, नाही म्हणणार नाही, माझी भाची समरकंदला दुसऱ्या वर्षाला आहे त्यामुळे आमच्या घरात तो सगळ्यांनी वाचला. पण अख्ख्या पानात त्या देशाबद्दल फी आणि विमानाचं तिकीट सोडून काहीच नाही हे बघून वाईट वाटलं, म्हणजे ज्या देशात आपण आपली पोरं सहा-सहा वर्षांसाठी पाठवतोय तिथे कोण माणसं होऊन गेली हे आपल्याला ठाऊकच नको का? म्हणून हे पत्र. लांबणार आहे, आधीच सांगतो.

मी धरणगावला एका जिनिंगमध्ये हिशोब बघतो. बी.एस्सी. गणित घेऊन झालं आणि मग गाठींचे नि क्विंटलचे आकडे करण्यात आयुष्य गेलं, पण गणिताचं वेड काही सुटलं नाही. उझबेकिस्तान म्हटलं की आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना एकच आठवतं, ताश्कंद, शास्त्रीजी, जानेवारी १९६६. थोडं वाचन असलेल्याला बाबर आठवतो, आणि त्याहून थोडं जास्त असेल तर उलुघबेग. हा तैमूरचा नातू, राजा असून खगोलशास्त्रज्ञ. समरकंदला त्याने वेधशाळा बांधली आणि १४३७ च्या त्याच्या कोष्टकांत १,०१८ तारे आहेत. आपल्या सवाई जयसिंगाने जंतरमंतर बांधलं तेव्हा त्याच्यासमोर याच उलुघबेगाचं काम होतं. भाचीने त्या वेधशाळेचा फोटो पाठवला होता. वरचं सगळं गेलंय, जमिनीखाली खोल खणलेल्या चरात दगडी कमानीचा एक तुकडा उरलाय आणि त्यावर अंशांच्या खुणा कोरलेल्या आहेत. ती म्हणे, मामा, इथे पर्यटक येतात, पाच मिनिटं वाकून बघतात आणि जातात. मी म्हटलं आपल्याकडे तर वाकूनपण बघत नाहीत. ते पुढे येईलच.

पण उलुघबेग झाला जुना माणूस. मला ज्याच्याबद्दल लिहायचंय तो अगदी आपल्या आजोबांच्या पिढीतला आहे आणि त्याचं नाव आपल्या इथे शंभरातल्या एकालाही माहिती नसेल. ताशमुहम्मद सरिमसाकोव. जन्म १९१५, गाव शाहरिखान, अंदिजानजवळ, फरगणा खोऱ्यातलं. (अंदिजानलापण आपली बरीच पोरं डॉक्टर व्हायला जातात.) फरगणा खोरं म्हणजे कापूस. म्हणजे हा पोरगा आपल्या चोपडा-धरणगावसारख्याच मुलखात वाढलेला समजा, बोंडं फुटली की सगळं गाव वावरात असा मुलूख. शिक्षण ताश्कंदच्या विद्यापीठात, १९३६ ला पास. तिशीच्या आत डॉक्टरेट, आणि ही तिकडची डॉक्टरेट म्हणजे आपली पीएच.डी. नव्हे, तिच्याही वरची पायरी. १९४३ ला, दुसरं महायुद्ध चालू असताना, उझबेकिस्तानची स्वतःची विज्ञान अकादमी सुरू झाली, पहिले अध्यक्ष कारी-नियाझी, तेही गणिताचेच आणि उझबेक भाषेत गणिताची पाठ्यपुस्तकं लिहिणारे. त्यांच्यानंतर १९४७ ला अध्यक्ष झाला सरिमसाकोव. वय बत्तीसच्या आसपास! आपल्याकडे बत्तीसाव्या वर्षी पोरगा सेट-नेट पास होऊन तासिका तत्त्वावर कुठे लागतो का बघत मोटरसायकलवर फिरत असतो. पुढे विद्यापीठाचा रेक्टर, म्हणजे कुलगुरू, तोही एकदा नाही, तीन वेगवेगळ्या काळात, आणि साठच्या दशकात उच्च शिक्षण खात्याचा मंत्री. १९९५ ला वारला, ताश्कंदलाच.

पदांची यादी वाचून कोणी म्हणेल राजकारणी दिसतो. तसं नाही. पदं मिळालेली माणसं ढिगाने असतात, ह्या माणसाचं नाव आज जगभरातले गणितवाले घेतात ते एका अटीसाठी. ती अट काय ते सांगतोच, पण आधी हा घडला कसा ते सांगायला पाहिजे, कारण माझ्या पत्राचा खरा मुद्दा तोच आहे.

रशियात सेंट पीटर्सबर्गला आंद्रेई मार्कोव म्हणून मोठा गणितज्ञ होता. त्याने १९१३ मध्ये एक वेडा उद्योग केला, पुश्किनच्या काव्यातली २० हजार अक्षरं हाताने मोजली, स्वर किती, व्यंजनं किती, आणि स्वरानंतर स्वर किती वेळा येतो, व्यंजनानंतर स्वर किती वेळा. त्याला दाखवायचं होतं की एकानंतर एक येणाऱ्या गोष्टी एकमेकींवर अवलंबून असल्या तरी संभाव्यतेचे नियम लागू पडतात. ह्यालाच आज मार्कोव साखळी म्हणतात, गुगलने पानांची क्रमवारी लावायला सुरुवात केली ती याच गणितावर. तर या मार्कोवचा एक विद्यार्थी होता व्सेवोलोद रोमानोव्स्की. शाळा ताश्कंदमध्ये झालेली, पुढचं शिक्षण पीटर्सबर्गला, मग वॉर्सा आणि रोस्तोवला नोकरी. १९१८ ला ताश्कंदमध्ये विद्यापीठ सुरू झालं आणि हा माणूस परत आला. क्रांती, यादवी, उपासमार असा तो काळ, पुढे १९२० ला मॉस्कोहून प्राध्यापक आणि पुस्तकं भरून खास रेल्वेगाड्या ताश्कंदला निघाल्या त्या आठवडेच्या आठवडे वाटेतच होत्या. अशा ठिकाणी रोमानोव्स्की आला आणि १९५४ ला मरेपर्यंत तिथेच शिकवत राहिला. इंग्लंडच्या नामांकित सांख्यिकी नियतकालिकात त्याचे लेख छापून यायचे, पण पत्ता ताश्कंदचा.

याच्या हाताखाली दोन उझबेक पोरं तयार झाली, एक हा सरिमसाकोव आणि दुसरा कोकंदचा सागदी सिराझदिनोव, तोही पुढे रेक्टर झाला. सरिमसाकोवच्या हाताखाली पुढची पिढी, त्यातले शौकत अयुपोव अनेक वर्षं ताश्कंदच्या गणित संस्थेचे प्रमुख, आणि त्या संस्थेला नाव रोमानोव्स्कीचं. १९८६ मध्ये संभाव्यता आणि सांख्यिकीवाल्यांची जी जागतिक संघटना आहे, बर्नुली सोसायटी, तिची पहिली जागतिक परिषद भरली ती लंडनला नाही, पॅरिसला नाही, ताश्कंदला. म्हणजे सत्तर वर्षांच्या आत जिथे विद्यापीठच नव्हतं तिथे अख्खी दुनिया आली. काही लोक म्हणतील सरकारने पैसा ओतला. ओतला ना, पण पैसा कुठेही ओतता येतो, आपण चौकाचौकात पुतळ्यांवर ओततोच आहे की. तिथे एक माणूस आला आणि हलला नाही, आणि त्याच्या हाताखालची माणसंपण मॉस्कोला जाऊन, शिकून परत येत राहिली, हे त्यात जास्त महत्त्वाचं आहे असं माझं मत.

आता गणित. घाबरू नका, गुणाकार-बेरीज एवढंच लागतं.

समजा पावसाळ्यात आपल्या इथे आज पाऊस पडला तर उद्या पडायची शक्यता १० पैकी ६, आणि आज कोरडा दिवस गेला तर उद्या पाऊस पडायची शक्यता १० पैकी २. (आकडे मी धरलेले आहेत, हवामान खात्याचे नाहीत.) आता आज सोमवार आणि धोधो पाऊस. मंगळवारी पावसाची शक्यता ६० टक्के. बुधवारी? मंगळवार ओला गेला असेल तर ०.६ गुणिले ०.६, कोरडा गेला असेल तर ०.४ गुणिले ०.२, दोन्ही मिळून ४४ टक्के. असंच पुढे करत गेलं की गुरुवारी साधारण ३७.६, शुक्रवारी ३५, शनिवारी ३४. आता उलट करा, सोमवार कोरडा ठणठणीत. मंगळवारी २०, बुधवारी २८, मग ३१.२, मग ३२.५, शनिवारी ३३. बघा, सोमवारी एका घरी छत्री आणि दुसऱ्या घरी टोपी, पण शनिवारपर्यंत दोघांचा अंदाज एका टक्क्याच्या फरकाने सारखा, तीन दिवसांत एक दिवस पाऊस. सुरुवात काय होती हे साखळी विसरून जाते! मला हे पहिल्यांदा कागदावर सुटलं तेव्हा रात्री साडेअकराला बायकोला उठवून दाखवलं होतं, तिने जे उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही.

हे मार्कोव आणि त्याच्यानंतरच्या लोकांना माहिती होतं. पण खऱ्या जगात अडचण अशी की तो तक्ताच, म्हणजे आजवरून उद्याच्या शक्यतेचे ते १० पैकी ६, १० पैकी २ असे आकडे, बदलत असतो. जूनचा तक्ता वेगळा, ऑगस्टचा वेगळा, पोळ्यानंतरचा अजून वेगळा. रोज नवा तक्ता लागला तरी साखळी आपली सुरुवात विसरेल का? कधी विसरते, कधी नाही विसरत. आणि प्रत्येक तक्ता सुटा सुटा चांगला असला, म्हणजे तोच तो रोज वापरला तर विसरणारा असला, तरी वेगवेगळे तक्ते एकापुढे एक लावल्यावर गडबड होऊ शकते हे यातलं खरं दुखणं. सरिमसाकोवचं १९५०-६० च्या दरम्यानचं काम ह्यावर आहे, त्याने अशा तक्त्यांचा एक वर्ग शोधला की ज्यात ही गडबड होत नाही.

त्याची अट मी गावातल्या माणसांवर घालून सांगतो, आणि हे माझं उगाच जुळवलेलं नाही, आज ते गणित नेमकं ह्याच कामाला वापरतात. समजा दहा जण आहेत आणि एखाद्या विषयावर प्रत्येकाचं काहीतरी मत आहे, आकड्यातच धरू, म्हणजे पाण्याची पाळी किती तासांची असावी. रोज प्रत्येक जण काही ठराविक लोकांचं ऐकतो, त्यात तो स्वतःही असेल नाहीतर नसेलही, आणि त्यांच्या मतांची कमी-जास्त वजनाने सरासरी काढून आपलं मत सरकवतो. कोण कोणाचं किती ऐकतो ही यादी म्हणजेच इथला तक्ता, आणि ती रोज बदलते. शेवटी सगळे एका आकड्यावर येणार का? आता या दहामधून कुठलेही दोन वेगळे गट उचला, लहान असो मोठे असो. पहिला गट ज्यांचं ज्यांचं ऐकतो ती एक यादी करा, दुसरा गट ज्यांचं ऐकतो ती दुसरी. सरिमसाकोव म्हणतो, एकतर ह्या दोन्ही याद्यांमध्ये एखादा माणूस कॉमन निघाला पाहिजे, किंवा दोन्ही याद्या मिळून जेवढी डोकी होतात ती दोन्ही गटांच्या मिळून डोक्यांपेक्षा जास्त भरली पाहिजेत. बस. कुठलेही दोन गट घेतले तरी हे जमलं पाहिजे. जो तो फक्त स्वतःचंच ऐकत असेल तर अट लगेच मोडते हे तुम्हीच करून बघा. आणि रोजची यादी ही अट पाळत असेल तर दहा जणांसाठी नऊ दिवसांत असं होतं की कुठलेही दोघं घ्या, त्या दोघांच्या मतावर एखाद्या तरी एकाच माणसाचा प्रभाव पोचलेला असतो. दहा असतील तर नऊ, पन्नास असतील तर एकोणपन्नास. तिथून पुढे मतं जवळ जवळ येत जातात, फक्त कोणाचं ऐकण्याचं प्रमाण अगदीच नगण्य होत जायला नको.

किती साधं आहे बघा! यात कुठेही भारी चिन्हं नाहीत, गट आणि डोकी मोजणं एवढंच आहे, आणि तरी हे आधी कोणाला असं दिसलं नव्हतं. आणि आज, माणूस जाऊन तीस वर्षं झाली, तर रोबोट आणि ड्रोनचे ताफे एकमेकांशी बोलून आपापला वेग आणि दिशा जुळवतात त्याच्या संशोधनात हे तक्ते वापरतात आणि त्यांना नावच सरिमसाकोव मॅट्रिक्स आहे. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी हे नाव टाकून शोधून बघावं, ढीगभर पेपर निघतात. त्याने पुढे अजून बरंच काम केलं, टोपॉलॉजी आणि बीजगणित जिथे एकत्र येतात तिकडचं, ते माझ्या बी.एस्सी.च्या पलीकडचं आहे त्यामुळे त्यावर लिहिणार नाही.

आता कोणी म्हणेल ह्याला रशियाचा फार पुळका. तसं अजिबात नाही. उझबेकिस्तानात १९३८ मध्ये फितरत, कादिरी, चुलपान असे मोठमोठे लेखक गोळ्या घालून मारले, म्हणजे एका पिढीची जीभच कापली. लिपी तर किती वेळा बदलली, अरबी गेली, लॅटिन आली, मग १९४० ला रशियन, आणि स्वातंत्र्यानंतर परत लॅटिन, म्हणजे आजोबांचं पुस्तक नातवाला वाचता येत नाही अशी अवस्था. आणि कापूस! वरून हुकूम यायचा आणि दरवर्षी वेचणीच्या दिवसांत विद्यापीठं ओस पडायची, डॉक्टरकीची पोरं, गणिताची पोरं, सगळी वावरात, आठवडेच्या आठवडे. ही सक्ती रशिया गेल्यावरपण चालू होती, आत्ता आत्ता २०२०-२१ च्या सुमारास ती बंद झाली. त्या कापसाच्या पाण्यापायी अरल समुद्र आटला. सरिमसाकोव मंत्री होता, रेक्टर होता, तेव्हा हे सगळं त्याच्या डोळ्यादेखत चालू होतं, त्यामुळे त्याला देव्हाऱ्यात बसवायचं काही कारण नाही. आपल्याकडे हुकूम येत नाही एवढाच फरक, बाकी दिवाळीनंतर आमच्या भागातल्या शाळांमध्ये जाऊन बघा, पटावर पन्नास आणि वर्गात पंधरा-वीस, बाकीची आईबरोबर वेचणीला. किलोमागे जे मिळतं त्यात वर्षाचे कपडे होतात, त्यांना कोणत्या तोंडाने बोलणार.

पण वाईट बाजू धरूनसुद्धा एक गोष्ट मनातून जात नाही. आपल्याकडे अक्कल कमी आहे का? देवळालीचे कापरेकर बघा. शाळामास्तर माणूस, १९४९ ला ६१७४ ची गंमत जगाला सांगितली. चार आकडी कुठलीही संख्या घ्या, चारही आकडे सारखे नकोत, मोठ्याकडून लहान लावा, लहानाकडून मोठा लावा, वजा करा, असं करत राहा, सात वेळांच्या आत ६१७४ वर येऊन थांबता. जगभर कापरेकर स्थिरांक म्हणून शिकवतात. पण कापरेकरांच्या हाताखाली कोण तयार झालं? त्यांच्या नावाची साखळी कुठे आहे? इथल्या मोठ्या मोठ्या लोकांनी त्यांना आकड्यांचे खेळ करणारा मास्तर म्हणून सोडून दिलं, कदर झाली ती बाहेरून. रोमानोव्स्कीला ताश्कंदमध्ये विद्यापीठ मिळालं, कापरेकरांना शाळेचा फळा. मी दोघांची बरोबरी करत नाही, काम वेगळ्या जातीचं आहे, पण एकटा माणूस गेला की त्याचं गणितपण त्याच्याबरोबर जातं.

आणि ही गोष्ट आपल्या खान्देशाला आठशे वर्षांपूर्वी कळलेली होती! हे मला सगळ्यात जास्त लागतं. चाळीसगावपासून पंधरा-वीस किलोमीटरवर पाटण. पाटणादेवीला आपण सगळेच जातो, नवस, चूल मांडून वरण-बट्टी, पावसाळ्यात धबधब्याखाली रील. त्याच पाटणला एक शिलालेख सापडला, १८६५ च्या सुमारास डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो वाचून जगापुढे आणला. काय आहे त्यात? भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर, त्याला यादव राजा जैत्रपाल पाटणहून आपल्याकडे घेऊन गेला. त्याचा मुलगा चांगदेव (मुक्ताईचे चांगदेव वेगळे), तो राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी. या चांगदेवाने पाटणला मठ काढला, आणि कशासाठी, तर आजोबांचे ग्रंथ, सिद्धांतशिरोमणी आणि बाकीचे, शिकवले जावेत म्हणून. १२०७ साली चंद्रग्रहणाच्या दिवशी निकुंभ घराण्यातल्या राजाने त्या मठाला दान दिलं. लेखाचा शेवटचा भाग तर जुन्या मराठीत आहे, आणि त्यात काय लिहिलंय, तर बाजारात जो माल विकायला येईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला जे मिळायचं ते मठाला दिलं.

मी दिवसभर मार्केटच्या पावत्या बघणारा माणूस, मला हे वाचून काटा आला. म्हणजे पाटणच्या बाजारात कोणी चार पायली धान्य घेतलं की त्यातलं चिमूटभर लीलावती शिकवणाऱ्याच्या पोटात जायचं. आज आपल्या बाजार समितीत शेकड्याला किती नि काय कापलं जातं ते सगळ्यांना माहिती आहे, त्यातला एक पैसा तरी कुठल्या गणिताच्या मास्तरकडे जातो का? चांगदेवाला माहिती होतं की ग्रंथ नुसता पोथीत बांधून ठेवून टिकत नाही, शिकवणारा माणूस त्याच गावात राहिला पाहिजे, आणि तो राहायचा तर त्याच्या खाण्याची सोय कायमची पाहिजे. एका वर्षाची नाही, नऊ महिन्यांची तर नाहीच.

आणि आता आपल्या कॉलेजांची गत सांगतो, नाव कोणाचं घेत नाही कारण सगळीकडे एकच आहे. माझ्या ओळखीतला एक पोरगा, एम.एस्सी. गणित, सेट पास, पीएच.डी. चालू, तासिका तत्त्वावर दोन गावांच्या दोन कॉलेजांत शिकवतो. सकाळी एकीकडे रिअल अ‍ॅनालिसिस आणि दुपारी दुसरीकडे, मधे एस.टी.च्या स्टँडवर डबा. पगार तासावर, तोही महिनोन्‌महिने अडकलेला, मे-जूनला काहीच नाही, आणि दरवर्षी नव्याने मुलाखत. मागच्या उन्हाळ्यात तो आमच्या जिनिंगला वजनकाट्यावर बसला होता. मी त्याला वरचा पावसाचा हिशोब दाखवला तर त्याने पेनने दोन ओळीत सगळं सोडवून दिलं, आयगेन व्हॅल्यू (त्या तक्त्यातून निघणारा एक आकडा) ०.४ म्हणे काका, म्हणून दर दिवशी दोन्ही घरांच्या अंदाजातला फरक ०.४ पट होतो. बरोबर, बघा, ४० वरून १६, मग ६.४. एवढं स्वच्छ सांगणारा माणूस आणि काट्यावर गाड्यांचे नंबर लिहितोय! तो आता कोचिंगवाल्यांकडे नाशिकला जायचं म्हणतोय, जाईलच, कोणीही जाईल. मग त्या दोन कॉलेजांत गणित शिकवायला कोण, आणि तिथून पुढचा सरिमसाकोव निघणार कसा? हुशार पोरं आपल्याकडे आहेत साहेब, शिरपूर-अक्राणीच्या आश्रमशाळेपासून जळगावच्या कॉन्व्हेंटपर्यंत कुठेही जा. त्यांना हात धरून वर नेणारा मधला माणूस आपण तयार होऊ देत नाही, तयार झाला तर टिकू देत नाही.

म्हणून माझ्या आपल्याकडे दोन मागण्या आहेत. एक, आपले तालुक्या-तालुक्याचे वार्ताहर आहेतच, त्यांना सांगून जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतल्या अनुदानित कॉलेजांत गणिताची मंजूर पदं किती, भरलेली किती आणि तासिकेवर किती, एवढा तक्ता पेपरात छापा. टॉपरांचे पासपोर्ट फोटो दोन पानं छापता, त्यातलं पाव पान द्या. निवडणुकीच्या आधी छापलं तर अजून बरं. आणि दुसरी मागणी, पाटणचा शिलालेख, निदान त्यातला मराठी भाग, अर्थासकट पुरवणीत द्या, शाळेतल्या मास्तरांना फळ्यावर लिहिता येईल इतक्या मोठ्या अक्षरात. चैत्रात पाटणादेवीच्या यात्रेच्या वेळी दिला तर वाचणारी माणसं जागेवरच असतील.

पत्र फार लांबलंय याची कल्पना आहे. जागेअभावी कापायचं झालं तर उलुघबेग काढा, माझ्या बायकोचा उल्लेख तर नक्की काढा, पण पावसाचा हिशोब आणि रिकाम्या जागांची मागणी तेवढी राहू द्या.

आपला नेहमीचा वाचक,
जिनिंगमधला एक हिशोबनीस,
धरणगाव, जि. जळगाव